शिगेचं माप

आमच्या घरात मुंगी पायाखाली आली तरी सासूबाई कपाळाला इभूत लावायच्या, आन त्याच घरात भिंतीतल्या कपाटात एक पिस्तुल व्हतं. लिंगायताच्या घरात पिस्तुल म्हंजे रेड्याच्या गळ्यात मंगळसूत्र. पण व्हतं खरं.

ते आमच्या थोरल्या दिरांचं, रेवणसिद्ध भावजींचं. भावजी पल्टणीत हत्यारं दुरुस्त करायच्या कामावर व्हतं. पेन्शन घेऊन सोलापूरला आलं तवा लायसन काढून हे पिस्तुल संगं आणलं. कुटनं आणलं म्हणून इचाराल तर मी दर डावाला येगळं सांगत आले. कुणाला सांगितलं, एका गोऱ्या सायबानं भावजींच्या ताटातली शेंगाचटणी चाखली आन पिस्तुल टाकून पाण्याच्या टाकीकडं पळाला, त्यो अजून परत आला न्हाय. कुणाला सांगितलं, ते पिस्तुल इतकं म्हातारं हाय की बार काढायच्या आदी खोकतं. लोक हसायचे, मी बी हसायची. पुढं ह्याच हसण्यानं माजा गळा आवळला, ते सांगते.

भावजी कुणाच्या जिवावर उठायचं न्हाईत. कागदावर काळा ठिपका काढायचा, लांब उभं ऱ्हायचं आन ठिपक्यात भोक पाडायचं, एवढाच त्यांचा शौक. तसली आनी काही माणसं गावात व्हती, त्यांचं मंडळ व्हतं, आन एक वकील त्या मंडळाचं मुख्य व्हतं. दुष्काळ सरला त्या सुमाराला इलायती काडतुसं मिळायची बंद झाली. मग मंडळानं परवानगी काढली, आन भावजी रिकामी काडतुसं घरीच भरायला लागलं. शेजारची बजाबाई गल्लीत सांगत फिरायची, रेवणसिद्ध दार लावून दारू भरतो. पेताड म्हणून नाव झालं, तरी भावजींनी कुणाला खुलासा केला न्हाय.

गोळ्या बी घरीच वतायचं. त्याला लागणारं शिसं आमचं मालक आणायचं. आमचं मालक म्हंजे शिवयोगी, भावजींचा धाकटा भाऊ. ते छापखान्यात खिळं जुळवायचं. एकेक अक्षराचा शिशाचा खिळा पेटीतल्या त्याच्या घरातनं उचलायचा आन ओळ लावायची, ती बी उलटी. कोंबडी दाणं टिपती तसा त्यांचा उजवा हात चालायचा. त्या हातावर आमचं सगळं व्हतं. सासूबाईंचं औषध, दोगी पोरींची साळा, चुलीतलं लाकूड, सगळं त्याच पाच बोटांनी टिपून आणलेलं. झिजलेलं खिळं मालक भंगाराच्या भावानं घ्यायचं आन पिशवीत घालून भावजींना द्यायचं.

शिसं वितळायचं ते परसात, चिंचेखाली, उघड्यावर. घरातल्या चुलीवर न्हाय, घरातल्या भांड्यात न्हाय. वारं पाठीकडनं पायजे, धूर नाकात जाऊ द्यायचा न्हाय. आभाळात ढग असला तर त्या दिवशी काम बंद. कारण पाण्याचा एक थेंब जरी त्यात पडला तरी शिसं फुटून तोंडावर येतं. भावजींच्या पल्टणीतल्या एकाचा डोळा तसाच गेला व्हता. पोरींनी तिकडं फिरकायचं न्हाय. काम झालं की साबणानं कोपरापर्यंत हात धुयाचं, तवा भाकरीला शिवायचं. म्या बजाबाईला सांगितलं, एकदा चिमणीच्या चोचीतलं पाणी त्यात पडलं, आन शिसं जे उडालं ते बार्शीच्या एका माणसाच्या दाढेत जाऊन बसलं, त्याला आयतीच दाढ भरून मिळाली. बजाबाईनं ते वकिलाच्या बायकोला सांगितलं, आन वकिलांनी मंडळात.

शिसं पातळ झालं की त्यावर करड्या रंगाची साय धरती. भावजी ती पळीनं काढायचं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला असंच एकदा ते साय काढत व्हतं आन मी लांब ओट्यावर शेंगा फोडत व्हते. भावजी काढायचं, थांबायचं, परत काढायचं. मग डोळं चोळून मला म्हणलं, "महादेवी, ही साय निघंना गं."

म्या जवळ जाऊन बगितलं. शिसं आरशावाणी लखलखत व्हतं. त्यावर साय न्हवतीच. साय त्यांच्या डोळ्यावर आलेली.

तवापासनं मला ते परस बरं वाटंना.

काडतुसं भरायची खोली येगळी व्हती, आदी तिथं गोवऱ्या ठिवायचे. तिथं दिवा न्हाय, चिमणी न्हाय, बिडी-काडी न्हाय. खिडकीतनं येईल तेवढ्या उजेडात काम. आत गेलं की भावजींशी कुणी बोलायचं न्हाय. सासूबाईच्या जिवाचं बरं-वाईट झालं तरी हातातली रांग पुरी झाल्यावर सांगा, असं त्यांनी सासूबाईंच्या तोंडावरच सांगून ठिवलेलं. चित्त हललं की एका काडतुसात दारू दोनदा पडती, म्हणायचं, आन ती दोनदा पडलेली गोष्ट वरनं गोळी बसली की देवाला बी दिसत न्हाय.

दारू घालायला त्यांनी काडतुसाच्याच टोकाला तार जोडून एक इवलंसं माप केलं व्हतं. दारूत बुडवायचं, वर काढायचं, आन पत्त्याचा तुकडा त्याच्या काठावरनं फिरवायचा. सपाट. केसाएवढी बी वर न्हाय. रांग भरून झाली की वरनं एकेकात डोकवायचं, सगळ्यांत दारू सारख्याच उंचीला हाय का. मग गोळी. एवढी राखण सासूबाई देवाऱ्याची करत न्हवत्या.

आता माज्या थोरल्या जावंचं सांगते. चंद्रव्वा अक्का. अक्कलकोटाकडची, मराठी बोलता बोलता मधीच कानडीत शिरायची, आन मला तंगी म्हणायची, म्हंजे धाकटी बहीण. तिचा बाप बाजारात जवारी मापायचा. मापाड्याची लेक ती. त्यांच्यात पयल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात, आन माप कधी सपाट देत न्हाईत. पायली भरली की वर टोक येईस्तोवर दाणं चढवायचं, त्याला शीग. शीग लावून झाली की वर आनी एक चिमूट, ती देवाची. अक्का शेजारणीला वाटीभर साखर उसनी दिली तरी शीग लावूनच द्यायची. काठाबरोबर पुसून दिलेलं माप तिला दिसलं की तोंड वाकडं करायची. म्हणायची, सपाट माप वैऱ्याला देतात.

ती भावजींची दारू मापताना दारातनं बगायची. उंबरा कधी चढली न्हाय, पण कैक वर्सं बगत व्हती. कुटलं यंत्र कसं दाबायचं, बार पेटवणारी टोपी कुटं बसती, गोळी किती आत जाती, सगळं तिच्या डोळ्यात बसलेलं. आन तो पत्त्याचा तुकडा काठावरनं फिरला की तिचा जीव कालवायचा. मला एकदा म्हणाली बी, "आपल्याच माणसाला सपाट माप. चांगलं दिसत न्हाय गं."

त्या उन्हाळ्यात मंडळाला नव्या दारूचा डबा मिळाला. ही आधीच्यापेक्षा बारीक, आन अंगात जोर जास्त. भावजींनी सुरवात एकदम कमी मापानं केली. पयलं बार काढून आलं तवा ओट्यावर आमच्या मालकांना सांगत व्हतं, गोळी कागदापर्यंत जाती पण दमून जाती. मालक म्हणलं, मग वाढवा की अण्णा. भावजी म्हणलं, "हिचा जीव कळंस्तोवर हिला उपाशीच ठिवायची."

अक्का आत भाकरी थापत व्हती. दुष्काळात तिनं माहेरची दोन माणसं गमावली व्हती. उपाशी हा शब्द तिच्या कानात शिरला तो निघालाच न्हाय.

मग कुर्डुवाडीच्या रेल्वेवाल्यांशी सामना ठरला, रविवारचा. आन त्याच आठवड्यात दवाखान्यात भावजींच्या डोळ्याचं आपरेशन निघालं. भावजी म्हणलं, माज्या जागी शिवा उभा ऱ्हाईल. आमचं मालक त्यांच्याच हाताखाली शिकलेलं, हात बी स्थिर. भरलेल्या काडतुसांचा डबा अर्धा झाला व्हता, तेवढी पुरतील असा भावजींचा हिशोब. ते दवाखान्यात गेलं. घरी आलं ते एका डोळ्यावर पट्टी घेऊन, दुसऱ्यानं बी धड दिसंना. डब्याकडं त्यांनी बगितलं न्हाय. रविवारी सकाळी डबा उचलला तो आमच्या मालकांनी. भावजींना टांग्यात बसवलं, आन दोगं भाऊ अक्कलकोट नाक्याच्या पल्याड, बंद पडलेल्या खडीच्या खाणीकडं गेलं. सामना तितंच व्हता.

उन्हं वर आली. मी पोरींच्या येण्या घालून चुलीपाशी आले. अक्का जवारी पाखडत बसलेली, आन आपल्याशीच हसत व्हती. म्या इचारलं, काय झालं. ती म्हणाली, आज बग, तुज्या मालकाचा बार कसा वाजतो. कुर्डुवाडीच्या इंजिनाला ऐकू जाईल.

म्या म्हणलं, "म्हंजे गं?"

"ते दवाखान्यात व्हते की न्हाय. तवा मी भरली थोडी. त्यांच्या डोळ्याला आता कुटं तरास द्यायचा? आन उपाशी उपाशी म्हणत व्हते, मला बरं वाटंना."

हातातला तवा म्या खाली ठिवला. म्या तिला हळू इचारलं, जसं झोपलेल्या सापाशेजारनं जावं तसं. "अक्का, माप सपाट केलंस न्हवं?"

"सपाट कशाला? शीग लावली. वर देवाची चिमूट."

"सगळ्यांना?"

"हात दमंस्तोवर. पुढची मग कंटाळून कशी बी भरली."

"आन ठिवलीस कुटं?"

"त्यांच्याच डब्यात. दिसतात की सारखीच."

ती परत पाखडायला लागली. सुपातनं फोलपाट उडत व्हतं आन ती गुणगुणत व्हती. मला तिच्यावर रागवायला बी जमलं न्हाय. तिनं मायेनं घातलं व्हतं, आन ती माया आता माज्या नवऱ्याच्या मुठीत व्हती.

म्या पोरींना सासूबाईंच्या खोलीत ढकललं आन पदर खोचून निघाले. नाक्यावर एक टांगा उभा व्हता. टांगेवाला म्हणला, घोडं आत्ताच चारा खातंय. म्या त्याला सांगितलं, खाणीत एक बाई बाळंत व्हायला लागलीया. तो लगीच उठला. खोटं बोलायला मला कधी येळ लागला न्हाय. खऱ्याला लागतो.

गाव सुटलं तसं बार ऐकू यायला लागलं. टप्. मग गप्प. मग टप्. लांबनं ऐकलं तर कुणी दगडावर दगड मारावा तसा बारका आवाज. परत्येक टप् झाला की वाटायचं, ह्यो चांगला गेला. मग पुढचा येईस्तोवर घोड्याच्या टापा बी मला ऐकू यायच्या न्हाईत. बार कुणाचा, आमच्या मालकांचा का रेल्वेवाल्याचा, हे बी कळायला मार्ग न्हवता. टांगेवाला म्हणला, बाळंतपणाला आज फटाकं का?  मी मनातल्या मनात बोटं मोजत व्हते. अंगठा, शेजारचं, मधलं. त्या बोटांनी उचललेलं खिळं मोजत व्हते.

खाणीत उतरले तर माणसं दगडांच्या सावलीला बसलेली. एकीकडं कुर्डुवाडीची रेल्वेवाली, एकीकडं आपली. वकीलसाहेब छत्री उघडून बसलेले. भावजी खुर्चीवर, पट्टीवर पांढरा रुमाल. आन आमचं मालक पुढं उभं, हातात पिस्तुल, त्याच्या फिरत्या चाकाची सहाची सहा घरं डब्यातल्या काडतुसांनी भरत व्हतं. हात धड व्हता. पाची बोटं जागेवर. मला तितंच बसावंसं वाटलं.

म्या म्हणलं, थांबा, ते ठिवा खाली.

सगळ्यांनी मागं बगितलं, आन माजं तोंड दिसताच मंडळाच्या माणसांच्या गालांत हसू आलं. वकील रेल्वेवाल्यांना म्हणलं, ह्याच त्या वैनी, ज्यांचं पिस्तुल खोकतं. मग मला म्हणलं, "आज शिसं कुणाच्या दाढेत गेलं, वैनी?"

म्या खरं सांगितलं. जेवढं व्हतं तेवढंच, मीठ-मिरची न लावता. अक्का खोलीत गेली, तिनं काडतुसं भरली, शीग लावून भरली, आन ती ह्याच डब्यात हाईत. असं नागडं खरं मी जन्मात पयल्यांदा बोलत असंन. आन जसजशी बोलत गेले तसतशी माणसं जास्त हसत गेली. एक जण म्हणला, काडतुसाला शीग, पुढं काय, पिस्तुलाला हळद-कुंकू? रेल्वेवाल्यांतला एक जण तर डोळं पुसायला लागला.

आमचं मालक हसलं न्हाईत. त्यांचं कान लाल झालं. चार माणसांत बायकोनं येऊन आपलं हसं केलं असं त्यांना वाटलं. त्यात सामना चुरशीचा, आन मालकच पुढं व्हतं. मला म्हणलं, "अक्कानं त्या खोलीचा उंबरा आजवर चढला न्हाय. तू घरी जा." आन चाक बंद करून ते ठिपक्याकडं वळलं.

म्या भावजींकडं धावले. त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले. त्यांना माजं तोंड दिसत न्हवतं. बरंच झालं, कारण माज्या तोंडाकडं बगून कुणी इश्वास ठिवला नसता. म्या काहीच बोलले न्हाय. त्यांनी माजा श्वास ऐकला असंल.

भावजींनी आवाज दिला, "शिवा. सकाळी डबा उचललास तवा किती भरला व्हता?"

मालक म्हणलं, "गच्च. का?"

"म्या अर्धा ठिवला व्हता."

 मालकांचा हात वर व्हता तो तसाच ऱ्हायला. वकील म्हणलं, रेवणसिद्धप्पा, डोळ्याच्या गडबडीत इसरला असाल, नंतर भरली असतील. मालकांनी लगीच ते उचलून धरलं. म्हणलं, अण्णा, सकाळपासनं ह्याच डब्यातली काढतोय, एकाला तरी काय झालं का? एवढी सहा झाली की आपण जिंकलो.

भावजी उठलं. चाचपडत पुढं गेलं, भावाचा दंड धरला, दंडावरनं मनगट, मनगटावरनं पिस्तुल. त्यांच्या हातातनं ते काढून घेतलं आन भुईकडं तोंड करून धरलं. म्हणलं, "हात कुणी लावायचा न्हाय. दोरी आणा."

टांग्याची दोरी आणली. भावजींनी चाचपून चाचपूनच ते पिस्तुल एका मोडक्या गाडीच्या चाकाला आवळून बांधलं, तोंड खाणीच्या भिंतीकडं. सगळ्या माणसांना मोठ्या दगडांमागं बसवलं. वकील छत्री घेऊनच बसलं. पिस्तुलाचा घोडा चढवून यायचं, चापाला बांधलेली दोरी दगडामागनं ओढायची, मग परत जाऊन घोडा चढवायचा. हे सगळं त्या एका अर्ध्या डोळ्यानं. मालक म्हणलं, मी करतो. भावजी म्हणलं, तू दगडामागं.

पयली दोरी ओढली. टप्. नेहमीचाच बारका आवाज. मालकांनी माज्याकडं बगितलं. त्या नजरेनं मी अर्धी झाले.

दुसरी ओढली. टप्. दगडांमागं खसखस पिकली. कुणीतरी म्हणलं, शीग सांडली वाटतं.

तिसऱ्याला बी तसंच. आता रेल्वेवाली उठून उभी ऱ्हायला लागली. वकील म्हणलं, पुरं करा आता, उन्हाचं. मालक उठलं, अंगरखा झटकला आन पिस्तुलाकडं चालायला लागलं. जाता जाता म्हणलं, ऱ्हायलेली मी हातानंच काढतो.  जन्मभर बोलले, आन त्या टायमाला जीभ टाळूला चिकटली. ते माज्या शेजारनं गेलं, त्यांच्या धोतराचा वारा मला लागला.

भावजींनी पायांच्या आवाजावरनं वळखलं. अंगरख्याच्या मागच्या पट्टीला धरून त्यांनी भावाला मागं वढलं, तसं मालक त्यांच्या अंगावरच बसलं. "अजून हाईत," एवढंच म्हणलं. गेलं, घोडा चढवला, परत दगडाआड आलं आन दोरी वढली.

त्यो टप् न्हवता. त्यो कसला आवाज व्हता ते मला आजवर कुणाला सांगता आलं न्हाय. लोक इचारतात तवा मी सांगते की लांब मोहोळ गावातल्या कोंबड्यांनी पंधरवडाभर अंडी घातली न्हाईत. पण तसं काही न्हवतं. तो आवाज मोठा न्हवता, कोरडा व्हता. हाड मोडावं तसा.

धूर गेल्यावर बगितलं तर गाडीच्या चाकाला दोरी व्हती आन दोरीत नुसती मूठ. वरचा भाग उघडा पडलेला, गोळ्यांच्या चाकाचं निम्मं गायब. गाडीच्या चाकाचा एक आरा मधनं तुटून लोंबत व्हता. वकिलांनी छत्री मिटायला घेतली आन तशीच ऱ्हायली, कापडाला भोक पडलं व्हतं, त्यांच्या कानाच्या वर इतभर. कुणी हसलं न्हाय. कुर्डुवाडीच्या माणसांनी आपली हत्यारं गुंडाळली आन सामना कुणी जिंकला ते न इचारताच गाडी गाठायला गेली.

भावजींनी भुईवर बसून तुकडं चाचपून गोळा केलं आन रुमालात बांधलं. डबा माज्या हातात दिला न्हाय, मालकांच्या न्हाय, वकिलांच्या ताब्यात दिला आन सांगितलं, कुलपात ठिवा, डोळा उघडला की मी एकेक गोळी काढून दारू मोकळी करीन, तवर कुणी शिवायचं न्हाय. तुकडं आन लायसन उद्या ठाण्यात जमा करायचं म्हणलं. पिस्तुल गेलं म्हणून एक शब्द बोललं न्हाईत.

टांग्यात भावजी पुढं बसलं, आमी दोगं मागं. मालक उजवा हात मांडीवर पालथा ठिवून त्याच्याकडं बगत व्हतं, जसा कुणी परक्यानं राखायला दिलाय. गाव दिसायला लागलं तवा म्हणलं, "सकाळी एक बार जड लागला व्हता. झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या. मला वाटलं, माजाच हात ढिला पडला."

भावजींनी मान वळवली न्हाय. म्हणलं, "कवाचा?"

"सुरवातीचा."

"आन त्यानंतर काढत ऱ्हायलास."

"व्हय."

म्हंजे ते पिस्तुल सकाळीच चिरलं असंल. त्या चिरलेल्या लोखंडाला धरून माजा नवरा सगळी सकाळ उभा व्हता. मी घरी पोरींच्या येण्या घालत व्हते तवा, अक्का गुणगुणत व्हती तवा. टांगेवाल्याला काही कळंना, तो म्हणला, मुलगा झाला का मुलगी? 

दाराशी यायच्या आदी भावजी आमाला थांबवून म्हणलं, "तिला सांगायचं न्हाय. ऐकलं तर ती परत कशाला हात लावायची न्हाय. मीठ घालताना बी हात कापंल तिचा." माज्याकडं तोंड करून म्हणलं, "इशेष करून तू."

अक्का उंबऱ्यावर उभीच व्हती. तोंडभरून इचारलं, "वाजला का?"

भावजी म्हणलं, "वाजला." आन रुमालाची गाठ कपाटात ठिवायला आत गेलं.

पानं मांडली. अक्का तव्यापाशी, मी वाढत व्हते. सासूबाईंनी सामन्याचं इचारलं तर भावजींनी सांगितलं, बरोबरीत सुटला. मालकांनी भाकरीला हात घातला. भाकरी मोडंना. बोटं धड व्हती, नखाला धक्का न्हवता, पण सगळा पंजा असा कापत व्हता की भाकरी ताटावर टकटक वाजायला लागली. त्यांनी हात मांडीखाली दाबला आन डाव्यानं तुकडा मोडायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, शिवा, डाव्या हातानं जेवतोस, मेलं कोण आपल्यात?

भावजींनी आपलं ताट पुढं सरकवलं. धाकट्याची भाकरी चाचपून घेतली, बारीक कुस्करली, आमटीत कालवली आन ताट त्याच्या पुढं ठिवलं. लहानपणी भरवावं तसं. 

अक्का बगत व्हती. मालकांच्या मांडीखाली दबलेल्या हाताकडं बगितलं. मग कपाटाकडं, जिथं भावजी रोज पिस्तुल उभं ठेवायचं आन आज नुसती एक गाठ पडली व्हती. मग माज्याकडं. मी खाली मान घालून आमटी वाढत व्हते, आन मी इतका येळ गप्प हाय हे तिनं कधीच बगितलं न्हवतं.

 तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सगळ्या घरात पसरला, पण ती उलथायला तिचा हात पुढं आला न्हाय.